ग्राउंड टिकवायचं कसं: पोलीस भरतीच्या गावगटाच्या नोंदी

या नोंदी गावात स्वतःचा सराव गट उभा करू पाहणाऱ्यांसाठी आहेत. ग्राउंड म्हणजे पोलीस भरतीची 50 गुणांची मैदानी चाचणी: मुलग्यांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळणं, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. व्यायामाचे आराखडे मोबाईलवर ढिगाने मिळतात. पोरं तिसऱ्या आठवड्यात का गळतात आणि त्यावर काय चालतं, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही. गाव बीड जिल्ह्यातलं, मैदान जिल्हा परिषद शाळेचं. सुरुवातीला 14 मुलगे आणि 5 मुली. फी नाही, सामानापुरती वर्गणी.

26 ऑक्टोबर

पहिलं काम उंचीचं. भिंतीला टेप चिकटवून, अनवाणी, टाचा भिंतीला लावून. मुलग्यांना 165 सेंमी आणि मुलींना 155 सेंमी लागते. संध्याकाळपर्यंत माणूस साधारण सेंटीमीटरभर कमी भरतो, म्हणून काठावरच्यांना दोन्ही वेळा मोजलं. छाती न फुगवता 79 सेंमी, फुगवून 5 सेंमी जास्त, ही अट फक्त मुलग्यांना. एक जण उंचीत 163 भरला. त्याने शहरातल्या एका अकॅडमीत वर्षभर फी भरली होती; तिथे उंची कुणी मोजलीच नव्हती. कुणाला सवलत आहे ते जाहिरातीत नीट वाचावं, पण मोजमाप पहिल्या दिवशीच करावं. या मुलाने आता तलाठीच्या अभ्यासाकडे मोर्चा वळवला आहे. तो मैदानावर येतो, स्टॉपवॉच त्याच्याकडे असतं.

मग ट्रॅक. शाळेच्या मैदानात 400 मीटरचा बसत नाही, 200चा बसतो. दोन सरळ बाजू प्रत्येकी 40 मीटर, दोन्ही टोकांना 18.90 मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं. धावणारा रेषेपासून वीतभर बाहेरून पळतो, म्हणून मोजणी रेषेच्या 20 सेंमी बाहेर धरायची. तिथे त्रिज्या 19.10 होते आणि फेरी बरोबर 200 मीटरची. आखून झाल्यावर रेषेवरून टेप फिरवली तर 198.75 भरायला हवं. वळण आखायला नायलॉनची दोरी घेऊ नये. ती ताणली जाते आणि वर्तुळाचं अंडं होतं. आमचं पहिलं वळण तसंच झालं, फक्की, म्हणजे आखायची पांढरी पूड, पुसून दुपारी टेपनेच पुन्हा आखलं. मधल्या खुंटीला एकाने टेपचं टोक घट्ट धरायचं, दुसऱ्याने दर दोन पावलांवर खूण करायची, तिसऱ्याने मागून फक्की टाकायची. कळीचा चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर भाजतो.

100 मीटरची सरळ पट्टी मैदानात बसत नाही, ती शेताकडच्या गाडीवाटेवर काढली. शेवटच्या रेषेपुढे निदान 15 मीटर मोकळी जागा ठेवावी, नाहीतर पोरं रेषेच्या आधीच वेग कमी करतात.

खर्च: 50 मीटरची टेप 480, दोन स्टॉपवॉच 700, 7.26 किलोचा गोळा 1,150, मुलींचा 4 किलोचा 650, फक्कीच्या दोन गोण्या 500. एकूण 3,480 रुपये.

29 ऑक्टोबर

पहिली चाचणी, आणि पहिला धक्का. पोरं गेलं वर्षभर ज्या जुन्या गोल वाटेवर पळत होती ती टेपने मोजली तर 186 मीटर निघाली. म्हणजे आठ राउंड मारून 1488 मीटरच होत होते. 5 मिनिटं 20 सेकंदांचं टायमिंग सांगणारा मुलगा खऱ्या 1600 मध्ये त्याच वेगाने 5:44 ला येणार. गुणांत बोलायचं तर 5:10 पर्यंत 20, 5:30 पर्यंत 18, 5:50 पर्यंत 16. म्हणजे ज्याला तो 18 समजत होता ते 16 होते. दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही. हा धक्का इथे बसला ते बरं. हेच भरतीच्या मैदानावर पायाला वेळ मोजणारी चिप लावून कळतं तेव्हा दुरुस्तीला जागा उरत नाही. नवीन गटाने आधी टेप विकत घ्यावी, बूट नंतर.

दुसरी गोष्ट: सगळ्यांचा पहिला राउंड 34-35 सेकंदांचा, शेवटचे तीन 50च्या पुढे. पाचव्या राउंडला पोटात कळ, सहाव्याला चालणं, आणि मग “आपल्याला जमणार नाही” हे वाक्य. ताकदीपेक्षा घोळ वाटणीचा जास्त होता. 200 मीटरच्या राउंडला वेळ अशी: 6:10 साठी 46 सेकंद, 5:50 साठी 43-44, 5:30 साठी 41. मुलींच्या 800 मीटरला 2:50 मध्ये 20 गुण, म्हणजे राउंडला साडेबेचाळीस सेकंद. आजपासून पहिले दोन राउंड ठरल्या वेळेपेक्षा लवकर मारले तर शिट्टी वाजवून थांबवायचं आणि पुन्हा सुरुवात. पोरं चिडली. चिडू देत.

4 नोव्हेंबर

सहा जणांची नडगी धरली. कारण उघड आहे: या सहांचं दिवाळीपर्यंत काहीही नाही आणि मग आठवडाभर रोज, टणक जमिनीवर, झिजलेल्या बुटांत. “दुखतंय म्हणजे बनतंय” ही मैदानावरची म्हण इथे घात करते.

फरक असा करायचा. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर लांबीत दुखतं आणि गरम झाल्यावर कमी होतं, तर पळणं निम्म्यावर आणायचं. बोटाने एकच जागा दाखवता येते, तिथे दाबल्यावर कळ जाते किंवा रात्री झोपेतही ठणकतं, तर पळणं पूर्ण बंद आणि डॉक्टरांना दाखवायचं. हाडाला बारीक चीर असू शकते. एकाचं दुसऱ्या प्रकारचं निघालं. त्याला सहा आठवडे पळायचं नाही. तो येतो, गोळा फेकतो, पोटाचे व्यायाम करतो, हजेरी लावतो. त्याला घरी बसवलं असतं तर तो परत आला नसता.

आठवडा बदलला. सोमवार, बुधवार, शुक्रवार पळणं, रविवारी लांब पण सावकाश, मंगळवार आणि शनिवार गोळा आणि ताकद, गुरुवारी सुट्टी. वेगाचं काम फक्त बुधवारी: 200 मीटरचे आठ तुकडे, प्रत्येकानंतर तेवढंच अंतर चालत. बाकी दिवस बोलता बोलता पळता येईल एवढाच वेग. रविवारी टणक मैदान सोडून नांगरटीच्या कडेची मऊ वाट.

11 नोव्हेंबर

शाळेच्या भिंतीवर कुणीतरी “21 दिवसांत सवय” असा कागद चिकटवला होता आणि खाली प्रत्येकाच्या नावापुढे 21 चौकोन. पहिला आठवडा झकास गेला. मग एकाच्या घरी साखरपुडा, दुसऱ्याला ताप, तिसऱ्याचा बोअर जळाला म्हणून रात्रभर शेतात. चौकोन रिकामा राहिला की तो मुलगा दुसऱ्या दिवशी यायचा, कागदाकडे बघायचा आणि तिसऱ्या दिवशी यायचाच नाही. साखळी तुटली, आता काय उपयोग, असा हिशेब. आठवड्यात पाच जण गेले.

कागद फाडला. 21 दिवसांना आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या 2010 च्या अभ्यासात माणसांना नवी सवय अंगवळणी पडायला 18 ते 254 दिवस लागलेले दिसले, मधला आकडा 66. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही, हेही त्यातच निघालं. पोरांना एवढंच सांगितलं.

त्याजागी वही. रोजची टीप नाही, आठवड्याची. सहापैकी चार दिवस आले की आठवडा भरला. सलग दोन दिवस चुकवायचे नाहीत, एवढा एकच कडक नियम. आणि ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवसासाठी “किमान”: 10 मिनिटं सावकाश पळणं, 20 जोर, 20 उठाबशा. घराच्या अंगणात केलं तरी हजेरी. गेलेल्या पाचांपैकी तिघं या नियमावर परत आले.

आणखी एक. हजेरी विचारायला वडीलधाऱ्याने फोन करू नये. पोरं फोन उचलत नाहीत आणि मग लाजेने टाळतात. जोड्या लावल्या, शेजारच्या घरातल्या दोघांच्या. जोडीदाराने जाताना दारात हाक मारायची, बस. वेगवेगळ्या गल्लीतल्यांच्या जोड्या मात्र फसल्या. वाट वाकडी करून कुणी हाक मारायला जात नाही.

18 नोव्हेंबर

ऊसतोडीला गाड्या निघाल्या. गटातले तिघं आई-बापाबरोबर कारखान्यावर गेले, मार्चपर्यंत परत यायचे नाहीत. दर वर्षी इथेच गट फुटतो आणि दर वर्षी ते “पुढच्या भरतीला बघू” असं म्हणतात.

आधी त्यांना हाच आराखडा पाठवला. तो दहा दिवस चालला नाही. फडावर दिवस पहाटे चारला सुरू होतो. वाकून तोडणी, मग मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणं. संध्याकाळी गाडी भरायला आली तर रात्रीचे अकरा. यावर रोज पळायला सांगणं म्हणजे गुडघेदुखी मागून घेणं. एकाचा गुडघा सुजला, आणि मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या घरात कोयता बंद ठेवता येत नाही.

आता त्यांचा आराखडा असा. आठवड्यात दोनदाच, ज्या दिवशी गाडी लवकर भरली त्या दिवशी. वार ठरवायचा नाही. 15 मिनिटं सावकाश, त्यात 20 सेकंदांचे सहा झपाटे. ताकदीचा वेगळा व्यायाम नाही. तो दिवसभर होतोच. त्याऐवजी मांडी आणि पाठ ताणून 5 मिनिटं. लेखी परीक्षेचं काम मात्र वाढवलं. 100 गुणांचा पेपर 90 मिनिटांत असतो: गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. मोबाईलवरचं साहित्य खोपीत चालत नाही, कारण चार्जिंग दुकानात पैसे देऊन करावं लागतं आणि ते फोनवर बोलण्यापुरतं राखलेलं असतं. म्हणून खिशात मावेल अशा वहीत दिवसाला पाच गणितं हाताने लिहून दिली, उत्तरं शेवटच्या पानावर. खर्च वहीमागे 15 रुपये आणि लिहिणाऱ्यांची दोन रात्रीची झोप. रविवारी रात्री तिघांनी ग्रुपवर आवाजी निरोप टाकायचा: काय झालं, काय नाही झालं. शाबासकीचे अंगठे टाकायचे नाहीत, उत्तर बोलूनच द्यायचं.

27 नोव्हेंबर

मुलींची हजेरी पाचावरून दोनवर आली. इथे “मुलींच्यात जिद्द कमी” असं म्हणणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. तीन कारणं निघाली. सहाला अजून अंधार असतो आणि मैदानाच्या वाटेवर कुत्री. शाळेचं स्वच्छतागृह सकाळी कुलूपबंद. आणि ट्रॅक पँटवर गावातून चालत येताना पारावरची शेरेबाजी.

मुख्याध्यापकांना अर्ज देऊन किल्ली घेतली, ती एका मुलीच्या आईकडे असते. मुलींची वेळ पावणेसात केली. पोशाखाचं उत्तर त्यांनीच काढलं: मैदानापर्यंत ड्रेस, तिथे बदल. पारावरच्यांशी सरपंचबाई बोलल्या, त्याचा उपयोग किती झाला ते सांगता येत नाही. पाळीच्या दिवसांत “किमान” करायचं की सगळं, हे जिचं तिने ठरवायचं, वहीत कारण लिहायचं नाही. आज चौघी होत्या. पाचवीचं लग्न ठरलंय, तिच्याबद्दल नंतर.

6 डिसेंबर

गोळा. मुलग्यांना 8.50 मीटरला 15 पैकी 15, मुलींना 6 मीटरला. पळण्याच्या मानाने इथे महिन्याभरात गुण वाढतात, आणि हरलेल्या पोराला काहीतरी वाढताना दिसणं फार गरजेचं असतं. म्हणून ज्याचं टायमिंग अडलंय त्याला मुद्दाम गोळ्याकडे जास्त वेळ दिला.

पोरं घरी दगडाने सराव करत होती. दगड कृषी केंद्रातल्या काट्यावर ठेवला तर 5.4 किलो. खरा गोळा हातात आल्यावर अंतर दीड मीटरने पडलं. वजन करूनच सराव करावा.

वर्तुळ 2.135 मीटर व्यासाचं. पुढचा कोन काढायला कोनमापक नको: मध्यापासून दोन्ही बाजूंना 10 मीटरवर खुंट्या ठोका, त्या दोन खुंट्यांमध्ये बरोबर 6 मीटर अंतर ठेवा, झाला कोन. अंतर मोजताना गोळा पडल्याच्या जवळच्या कडेपासून वर्तुळाच्या आतल्या कडेपर्यंत, टेप मध्यबिंदूवरून नेऊन.

चुका सगळ्यांच्या एकाच: गोळा मानेपासून सुटतो आणि चेंडूसारखा फेकला जातो. त्याने खांदा जातो आणि फाउलही होतो. गोळा तळव्यात नको, बोटांच्या मुळाशी, हनुवटीखाली मानेला टेकलेला, कोपर बाहेर. मग वाकलेल्या उजव्या पायावरून उठत ढकलायचा. पहिले दहा दिवस फक्त उभ्याने, सरकणं नाही. एका मुलाला शेवटी एवढंच सांगितलं, “हात विसर, पायाने जमीन ढकल.” तो 6.40 वरून 7.35 वर गेला, आणि ताकद एका महिन्यात वाढलेली नाही. फेकल्यावर पुढे पडून रेषेवर पाय जातो, तेवढ्यावरून फेक वाया. वर्तुळाच्या मागच्या अर्ध्यातून चालत बाहेर यायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

17 डिसेंबर

“भरती पुढे ढकलली” असा मेसेज फिरला. खरं-खोटं कळायच्या आत मैदान ओस. पोरांना थंडी सोसते, पण जाहिरात कधी येणार हे माहीत नसणं सोसत नाही. भाषणं देऊन पाहिली, दुसऱ्या दिवशी तेवढेच सात जण.

मग गटाने स्वतःची तारीख काढली. 4 जानेवारीला पूर्ण मॉक ग्राउंड, म्हणजे खऱ्या चाचणीची रंगीत तालीम, शेजारच्या दोन गावांच्या पोरांना बोलावून. जाहिरात आली काय, न आली काय, ही तारीख हलणार नाही. पुढची 15 फेब्रुवारी. बातमीचा नियमही केला: पोलीस विभागाच्या संकेतस्थळावर दिसेपर्यंत ग्रुपवर टाकायची नाही, टाकणाऱ्याने मैदानाला पाणी मारायचं. गंमतीत केलेला दंड सगळ्यात जास्त पाळला जातो.

4 जानेवारी

मॉक. 31 पोरं, छातीवर कागदी नंबर. पहाटे पाचला रांग, उंची-छाती, आणि मग मुद्दाम दीड तास नुसतं बसवून ठेवलं. खऱ्या ग्राउंडला हेच होतं आणि त्याचा सराव कुणी करत नाही.

काय बिघडलं: निम्मे जण उपाशी आले, उरलेल्यांनी वाटेत वडापाव खाल्ला. दोन्ही प्रकारचे चौथ्या राउंडला सापडले. वॉर्म-अप बसण्याआधीच करून घेतला, नंबर येईपर्यंत अंग थंड. काहींनी नवे बूट आजच काढले, फोड आले. आता ठरलं ते असं: उठल्या उठल्या केळी किंवा चपाती-गूळ, पाणी घोटघोट, आणि नंबर पुकारायच्या 20 मिनिटं आधी जागच्या जागी पुन्हा गरम होणं. रांगेतून बाहेर पडता येत नाही, तेव्हा उभ्या उभ्या करता येतील असेच व्यायाम. 2024 च्या जूनमध्ये मैदानी चाचण्या पावसात सुरू झाल्या आणि काही ठिकाणी तारखा बदलाव्या लागल्या, म्हणून एक सराव पाणी मारलेल्या ट्रॅकवरही ठेवणार आहोत.

186 मीटरवाल्या मुलाचं आज 5:36. जे मागे पडले त्यांना त्याच दिवशी समजावत बसलो नाही. थकलेल्या माणसाला सल्ला म्हणजे मार वाटतो. दुसऱ्या दिवशी वहीत तीनच ओळी लिहायला लावल्या: किती आलं, कुठल्या राउंडला तुटलं, येत्या बुधवारी काय वेगळं करणार. “माझ्यात स्टॅमिनाच नाही” असं लिहिलेलं परत दिलं. “पाचव्या राउंडला 52 सेकंद” असं लिहिलेलं घेतलं. दुसऱ्या प्रकारच्या ओळीवर काम करता येतं.

शेजारच्या गावच्या एकाच्या पिशवीत वेदनाशामक इंजेक्शन निघालं. दुखणं दाबून पळाल्यावर नडगी मोडते, आणि उत्तेजक सापडलं तर भरतीच संपते. त्याला पळू दिलं नाही. यावर चर्चा नको.

19 जानेवारी

चार-पाच भरत्या दिलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. मैदानी 50 पैकी निम्मे गुण मिळवावे लागतात, आणि मग जागेमागे 10 या हिशेबाने लेखीला बोलावतात. दोन गुणांनी राहिलेला पुन्हा येतो, पुन्हा राहतो. वय खुल्या गटाला 28, मागासवर्गीयांना 33 पर्यंत. गावात याला जिद्द म्हणतात आणि कुणी थांबायचं म्हणत नाही. आम्ही थांबायची तारीख कागदावर लिहायला लावली. घरच्यांना समोर बसवून: अजून किती भरत्या, तोपर्यंत घरात महिन्याला किती पैसे आणणार, आणि नाही झालं तर पहिलं काम कुठलं. दोघांनी लिहिलं. एकाने अर्धवेळ दूध संकलनाचं काम धरलं आणि संध्याकाळच्या सरावाला येतो. त्याचं टायमिंग गेल्या तीन महिन्यांतलं सगळ्यात चांगलं आहे. घरचं टोमणे मारणं थांबलं, हे कारण त्याचं त्यानेच सांगितलं. तिसरा चिडून गट सोडून गेला. कागद ठेवलाय.

लग्न ठरलेली मुलगी चालू ठेवणार आहे. सासरच्या गावाला मैदान आहे का याची चौकशी तिच्या भावाने केली. आहे, पण 400 मीटरचा ट्रॅक आखलेला नाही. तिला टेप आणि आकडे लिहून दिले: सरळ बाजू 84.39, त्रिज्या 36.50, तिथे दगडी कड नसेल तर त्रिज्येत 10 सेंमी वाढवायचे.

पुढचं काम

गोळ्याच्या वर्तुळाची कड उखडली आहे, लोखंडी पट्टी वेल्डरकडे दिली, 900 रुपये सांगितले. फक्की संपली. फडावरच्या तिघांच्या वह्या संपत आल्यात, नव्या दोन लिहून झाल्या, तिसरी बाकी. 15 फेब्रुवारीच्या मॉकला उंची मोजायला लाकडी पट्टी करून घ्यायची आहे. टेप भिंतीवरून सुटते.